घड्याळ म्हणतं १७२, नाडी म्हणते १२८: मनगटावरचा हार्ट रेट तपासायचा कसा?

डिसेंबरातली पहाट होती. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर धुकं असं उतरलेलं की संध्यामठ दिसतही नव्हता. शालिनी पॅलेसच्या बाजूनं मी मैत्रिणीशी बोलत बोलत, अगदी आरामात पळत होते. सहज घड्याळाकडे पाहिलं तर हार्ट रेट १७२! पोटात धस्स झालं. थांबले, मनगटावर दोन बोटं टेकवली आणि पंधरा सेकंद ठोके मोजले. भरले ३२. म्हणजे मिनिटाला १२८. घड्याळ मात्र अजून १६५ च्या खाली यायला तयार नव्हतं.

पुन्हा पळायला लागले आणि या वेळी पावलं मोजली. पंधरा सेकंदांत ४३. चौपट केली तर १७२. घड्याळ इतका वेळ माझ्या हृदयाचे ठोके दाखवतच नव्हतं, पायांचे दाखवत होतं.

तेव्हापासून नवं स्पोर्ट्स वॉच घेतलेलं कुणी भेटलं की मी आधी एवढंच सांगते, की त्या आकड्यावर व्यायाम बेतण्याआधी आकडा स्वतःच्या बोटांनी ताडून बघा. कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. माझ्यासारखी एखादी उगाच घाबरून चालायला लागते, हे त्यातल्या त्यात बरं. पण वाघबीळचा चढ सायकलनं चढताना ज्याला खरोखर धाप लागली आहे, त्याला घड्याळ ११० दाखवून ‘अजून दम आहे, रेट’ असं सांगतं, ते फार वाईट.

घड्याळाच्या पोटात काय चालतं

घड्याळ उलटं करून बघा. मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. लाट ओसरली की जास्त येतो. परत येणाऱ्या प्रकाशाचा हा चढउतार टिपून घड्याळ ठोके मोजतं. युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या अल्रिक हर्ट्झमन या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकातच प्रकाशानं कातडीतलं रक्त मोजून दाखवलं होतं.

अडचण अशी की नाडीमुळे होणारा हा चढउतार अगदी इवलासा असतो. हात हलला, घड्याळ कणभर सरकलं, बाजूनं ऊन आत शिरलं, तर त्या गोंधळात नाडी बुडून जाते. हालचाल वजा करायला घड्याळात वेगळा सेन्सर असतो, पण पळताना हाताचे झोके एका लयीत पडतात. ती लय आणि हृदयाची लय जवळ आली की घड्याळ कधी कधी चुकीचीच लय पकडून बसतं. माझं १७२ तिथून आलं होतं.

पहिलं काम: बसल्या जागी ताळा करा

सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. एका हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली हलकेच टेकवा. अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी लागते आणि गफलत होते. दाबूही नका, दाबलं की नाडी बोटाखालून निसटते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघत पूर्ण एक मिनिट मोजा आणि मिनिट संपताना मनगटावरचा आकडा बघा. दोन-चार ठोक्यांचा फरक चालतो. बसल्या जागी दहा-पंधराचा फरक पडत असेल तर पळताना काय होईल याचा विचारच नको. आधी पट्टा आणि जागा दुरुस्त करायची.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. मोजताना तुम्हालाच ठोके चुकल्यासारखे, अधूनमधून गाळल्यासारखे वाटले आणि पुन्हा पुन्हा तसंच झालं, तर दोष घड्याळात शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या.

पट्टा आणि जागा

बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत एक हाड वर आलेलं असतं. बहुतेक जण घड्याळ नेमकं त्या हाडावर बांधतात. तिथं मांस कमी, हाड आणि शिरा जास्त, आणि घड्याळाला सपाट टेकायला जागाच नाही. व्यायामाला निघताना घड्याळ त्या हाडाच्या वर, कोपराच्या दिशेनं दोन बोटं सरकवा आणि मग आवळा. किती आवळायचं? घड्याळ बोटानं हलवून बघा. खालची कातडी घड्याळाबरोबरच हलली तर पट्टा बरोबर. घड्याळ कातडीवरून घसरलं तर सैल. हाताला मुंग्या आल्या तर जास्त झालं. व्यायाम संपला की पट्टा पुन्हा एक भोक सैल करा, नाहीतर घामानं खाली पुरळ उठतं.

आता बांगड्यांचं. आमच्या थोरल्या जाऊबाई सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. त्यांच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या, दोन्ही बाजूंना पाटल्या, आणि मुलानं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ या सगळ्यांच्या खाली, अगदी तळहाताजवळ. दर पावलाला पाटली घड्याळावर आपटायची आणि आकडा ८५ वरून १४० वर उडी मारायचा. “माझं बीपी वाढलंय का गं?” असं त्यांनी काळजीनं मला विचारलं. बांगड्या काढायला सांगणं मला बरं वाटेना आणि तशी गरजही नव्हती. म्हटलं, “आक्का, घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराकडे घाला.” पट्ट्याचं शेवटचं भोक पुरलं. तुमचं पुरत नसेल तर लांब पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या. पुढच्या रविवारचा आकडा शेवटी सांगते.

गोंदण किंवा टॅटू असेल तर सेन्सर त्यावर ठेवू नका. शाईत प्रकाश अडतो. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी मनगटावर राजमुद्रा काढून घेतली आहे. त्यांनी घड्याळ दुसऱ्या हातात घालावं आणि अ‍ॅपमध्ये हात बदलल्याची नोंद करावी. गडद त्वचेत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणारी खूण क्षीण होते. त्यासाठी घड्याळ दिवे जास्त तेजानं पेटवतं, पण आपल्या बाजूनं पट्टा नीट बसवणं तर आणखीच गरजेचं होतं. तेल, सनस्क्रीन, वाळलेला घाम हे सगळं काचेवर थर धरतं. ओल्या मऊ फडक्यानं पुसलं की झालं.

थंडीत आधी हात तापवा

उसाच्या हंगामातल्या सकाळी बोटं गार पडतात, कारण अंगातली ऊब राखायला शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं. मनगटात रक्त कमी, तर प्रकाशाला दिसणार काय? म्हणून पहिली दहा मिनिटं आकड्याला किंमत देऊ नका. घरातून निघतानाच घड्याळ घालून बाही त्यावर ओढा, झपझप चाला, हात फिरवा. पळणं सुरू करण्याआधीच घड्याळावर योग्य व्यायामप्रकार निवडा आणि आकडा स्थिर होऊ द्या. दिवसभराच्या साध्या मोडमध्ये बरीच घड्याळं बॅटरी वाचवायला अधूनमधूनच मोजतात. व्यायाम सुरू केल्याचं सांगितलं की सलग मोजू लागतात.

पळताना: आकडा पावलांचा की हृदयाचा?

घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन एकाच स्क्रीनवर हार्ट रेट आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, शेजारी शेजारी लावून घ्या. बहुतेकांची पावलं मिनिटाला १५० ते १८० च्या आसपास पडतात. दोन्ही आकडे चिकटून चालायला लागले, पावलं वाढली की ठोके तेवढेच वाढले, आणि तुम्ही मात्र पूर्ण वाक्यं बोलू शकताय, तर समजा की घड्याळानं पाय पकडलेत.

अशा वेळी थांबा. हात छातीशी धरून स्थिर ठेवा. पट्टा सैल करून घड्याळ थोडं वर सरकवा, पुन्हा आवळा आणि वीस-तीस सेकंद द्या. आकडा झपकन खाली आला की मग पळा. थांबल्याबरोबर बोटांनीही मोजा, पण फक्त पंधरा सेकंद आणि लगेच. व्यायाम थांबला की पहिल्या मिनिटातच ठोके भराभर उतरतात, सावकाश मिनिटभर मोजलंत तर पळतानाचा आकडा हातातून गेलेला असतो. पंधरा सेकंदांच्या मोजणीत एक ठोका चुकला तर मिनिटामागे चारचा फरक पडतो, हेही धरून चाला.

जिथं मनगट कामाचं नाही

माझा पुतण्या तालमीत जातो. त्यानं हौसेनं घड्याळ लावून जोर मारले आणि मला फोटो पाठवला. अंग घामानं निथळतंय आणि घड्याळावर ९४. मी त्याला खाली ओणवा करून बघितलं. जोर मारताना अख्ख्या अंगाचा भार तळहातावर येतो, मनगट मागे मुडपतं, शिरा ताणल्या जातात आणि घड्याळ एका कडेवर उचललं जातं. खालून उजेड शिरताना दिसत होता. बैठका मारताना तेच घड्याळ बऱ्यापैकी बरोबर चाललं. जोर, पुलअप, डंबेल, सायकलचं हँडल घट्ट धरून खडबडीत रस्त्यावरून जाणं, यांत मनगटाचा आकडा सोडून द्या. कुस्ती धरताना तर घड्याळ काढूनच ठेवायचं. समोरच्याच्या डोळ्याला, कातडीला लागेल.

इंटरव्हलमध्ये, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ हळू अशा व्यायामातही तेच. तीस सेकंद जीव खाऊन पळालात तर हृदय वर चढतं, पण घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढत असल्यानं मागून येतं. तुम्ही चालायला लागता तेव्हा ते शिखर गाठतं.

नेमका आकडा हवाच असेल तर छातीचा पट्टा

चेस्ट स्ट्रॅप प्रकाश वापरत नाही. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाला जी वीज उठते ती थेट टिपतो, म्हणजे ईसीजीचंच तत्त्व. फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ मध्ये बिनतारी छातीपट्टा खेळाडूंसाठी आणला आणि आजही व्यायामात ताळा करायला हीच पद्धत भरवशाची मानली जाते.

वापरायला सोपा आहे. रबरी पट्ट्या पाण्यानं ओल्या करा. कोरड्या घातल्या तर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. छातीच्या खालच्या बाजूला, बायकांनी ब्राच्या कडेखाली, खोल श्वास घेताना रुतणार नाही इतपत घट्ट बांधा. ब्लूटूथनं घड्याळाला जोडला की घड्याळ मनगट सोडून पट्ट्याचा आकडा घेतं. घरी आल्यावर मधला सेन्सरचा डबा काढून ठेवा आणि पट्टा साध्या पाण्यानं धुवा. डबा ओल्या पट्ट्यावर तसाच राहिला तर सेल फुकट जळतो.

छातीला पट्टा नको वाटत असेल तर दंडावर बांधायचा सेन्सरही मिळतो. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंडात मांस जास्त आणि हालचाल कमी, त्यामुळे मनगटापेक्षा बरा.

आकडा बरोबर आला, तरी

घड्याळ जे रंगीत झोन, म्हणजे ठोक्यांनुसार व्यायामाचे सोपे-अवघड टप्पे दाखवतं, ते बहुतेक वेळा ‘हृदयाची कमाल गती म्हणजे २२० वजा वय’ या ठोकताळ्यावर बांधलेले असतात. पंचेचाळिशीला १७५. पण खऱ्या माणसाची कमाल गती यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. म्हणून आकड्याच्या जोडीला श्वास ठेवा. वाक्यं बोलता येतात तोवर सोपं, तीन-चार शब्दांत तुटायला लागलं की अवघड. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी चढतात, तिथं हे झोन लागू पडत नाहीत; डॉक्टरांना विचारून मर्यादा ठरवा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर घड्याळ काहीही म्हणो, व्यायाम तिथंच थांबवून दवाखाना गाठायचा.

पुन्हा ताळा

सगळं दुरुस्त केल्यावर एकाच रस्त्यावर, एकाच चालीनं तीनदा मोजा: निघण्याआधी, मध्यावर थांबून आणि शेवटी. दर वेळी बोटांचा आकडा आणि घड्याळाचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. आठवडाभरात कळतं की तुमचं घड्याळ चालताना किती आणि पळताना किती भरवशाचं आहे.

आक्कांनी त्या रविवारी रंकाळा टॉवरजवळ थांबून स्वतः मोजलं. पंधरा सेकंदांत २९, म्हणजे ११६. बांगड्यांच्या वर बांधलेल्या घड्याळावर ११८ होते.