फायरप्लेसवर टीव्ही लावण्याआधी भिंतीचा ताप मोजा

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत टीव्हीला सोयीची जागा उरते ती नेमकी फायरप्लेसच्या वर. पण तिथली भिंत किती तापते, हे आधी बघून घ्या.

१. टीव्हीची खालची कड जिथे येणार, तिथे खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर चिकटवा.
२. फायरप्लेस तासभर पेटती ठेवून आकडा वाचा.
३. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहा. बहुतेकदा ती ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइट असते. पारा तिथवर गेला, तर सरळ बाजूची भिंत धरा.

मान अवघडू नये म्हणून खाली ओढता येणारा ब्रॅकेट मिळतो, महाग असला तरी घ्याच. फक्त आग चालू असताना टीव्ही खाली ओढू नका.