गोबरगॅसच्या स्लरीवर सूक्ष्म शैवाल वाढवताना

गोबरगॅस संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीत शेणातील बहुतेक नत्र आणि स्फुरद टिकून असतात, आणि त्या नत्राचा बराच भाग अमोनियमच्या रूपात असल्याने क्लोरेलासारखे सूक्ष्म शैवाल तो थेट उचलते. मात्र स्लरी जशीच्या तशी टाकीत ओतू नये. तिच्या गडद रंगामुळे प्रकाश आत शिरत नाही आणि जादा अमोनियामुळे शैवाल मरते. ती निवळू द्यावी, दुपदरी सुती कापडातून गाळावी आणि एका भागास १० ते २० भाग पाणी घालून विरळ करावी. काचेच्या ग्लासात ती कोऱ्या फिक्या चहासारखी दिसायला हवी. टाकीतील पाणी २० ते ३० सेंटिमीटरच खोल ठेवून रोज ढवळावे.

माझ्या मते खरी काळजी घ्यायची ती सामूची (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप), कारण शैवाल कर्बवायू शोषत जाते तसा सामू चढतो आणि तो ९ च्या आसपास पोहोचला की अमोनियमचा मोठा हिस्सा विषारी अमोनियात बदलतो, उन्हाळ्यात तर अधिकच. म्हणून दुपारी पट्टीने सामू तपासावा आणि तो चढलेला असेल तर नवी स्लरी घालणे थांबवावे. तयार शैवाल पिकांना खत म्हणून द्यावे; शेणातील रोगजंतूंमुळे ते माणसांच्या खाण्यात मुळीच येऊ देऊ नये.