पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स घ्यायची का? आधी हॉल मोजा

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स थोडी हातात बसली की '५० मिमी एफ १.८ घेऊन टाकू' हा विचार डोक्यात घोळायला लागतोच. झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंग्थच्या त्या प्राइम लेन्सला नावं ठेवायला जागा नाही. पण ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये ती प्रत्येकाच्या उपयोगी पडेल असं नाही, आणि ते पैसे मोजायच्या आधी घरबसल्या तपासता येतं.

जुने फोटो उघडा

तुम्हाला मनापासून आवडलेले पन्नासेक पोर्ट्रेट वेगळे काढा. लॅपटॉपवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंग्थ (मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं दृश्य जवळ), अ‍ॅपर्चर (एफचा आकडा, जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) दिसतात. फोकल लेंग्थचे आकडे वहीत लिहून काढा. बरेचसे ४५ ते ५५ मध्ये असतील तर ५० मिमी तुमच्या सवयीत बसते. २४ ते ३५ मध्ये जास्त असतील तर तुम्हाला माणसासोबत घर, गल्ली, गणपतीची आरासही फोटोत हवी असते. ५० घेतलीत तर चिडचिड होईल, ३५ बघा. आकडे सगळीकडे विखुरलेले असतील तर झूमच बरी.

मग फसलेले फोटो बघा. शटर १/३० आणि चेहरा हललेला, किंवा आयएसओ ३२०० च्या वर आणि गालांवर दाणे, तर ती उजेडाची अडचण आहे आणि प्राइमने ती सुटते. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ला तिच्या साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. एफ २.८ वर ठेवली तरी चौपट, म्हणजे शटर तोच ठेवून आयएसओ ३२०० चा ८०० वर येतो. मात्र डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या किंवा मागे दोरीवर वाळणारे कपडे यांवर लेन्सचा उपाय नाही. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, दुसऱ्या बाजूने दोन फुटांवर पांढरा कार्डबोर्ड किंवा चादर धरा. इतक्यात भागलं तर लेन्सचे पैसे वाचले.

टेप घेऊन अंतर मोजा

बहुतेक निर्णय इथेच होतो, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. १८-५५ वाल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान, म्हणजे क्रॉप असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या तुलनेत निकॉन-सोनीवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी दिसते. कॅमेरा उभा धरला तर चेहरा आणि खांद्यांसाठी साधारण साडेचार फूट लागतात, कमरेपासून वरच्या फोटोला साडेसहा, आणि उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर १४ फूट. कॅननवर यात थोडी भर घाला. शिवाय माणूस भिंतीपासून निदान चार फूट पुढे हवा. भिंतीला टेकून उभा केला तर एफ १.८ लाही रंगाचे पोपडे आणि स्विचबोर्ड ओळखू येतात, कारण मागचं किती विरघळणार हे त्या चार फुटांवरही ठरतं. त्यात तुमची उभं राहायची दीड फूट जागा धरा: पूर्ण आकृतीसाठी सरळ रेषेत जवळजवळ २० फूट झाले.

आता हॉल मोजा. १० बाय १४ चा हॉल, त्यात सोफा आणि टीव्हीचं युनिट असेल, तर ५० मिमीने चेहरा छान येईल, कमरेपर्यंतचा फोटो कसाबसा बसेल, पूर्ण माणूस नाहीच. ३५ मिमीला पूर्ण आकृती १० फुटांत बसते. पण ३५ घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. तीन फुटांच्या आत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा परिणाम अंतराचा असतो, त्यामुळे त्या अंतरावर कुठलीही लेन्स लावली तरी तो येणारच.

८५ मिमी क्रॉप बॉडीवर मोकळ्या जागेचीच लेन्स आहे. कमरेपर्यंत ११ फूट, पूर्ण आकृतीला २४ फूट. ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी २४ फूट मागे गेलात की मधून चार कुटुंबं आणि एक फुगेवाला जाणार. वाशीचं सागर विहार किंवा खारघरचं सेंट्रल पार्क, तेही सकाळी लवकर, असा तुमचा नेहमीचा शिरस्ता असेल तरच ८५ चा विचार करा.

आठ दिवस झूम बंद

किट लेन्सची झूम रिंग ५० वर आणा आणि कागदी चिकटपट्टीने बांधून टाका. आठ दिवस घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात सगळे पोर्ट्रेट असेच काढा. पाठ कपाटाला लागून 'अजून थोडं मागे हवं होतं' असं किती वेळा झालं ते लक्षात ठेवा. पुढचे आठ दिवस ३५ वर. यातून जे कळतं ते कुठलाही रिव्ह्यू सांगू शकत नाही.

एफ १.८ चा त्रासही समजून घ्या

पाच फुटांवरून एफ १.८ ला साधारण सहा सेंटीमीटर एवढाच पट्टा धारदार येतो. डोळा टिपला तर कान मऊ. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस धरून नंतर फ्रेम सरकवलीत तर तेवढ्या हालचालीत फोकस डोळ्यावरून निसटतो. म्हणून पॉइंटच जवळच्या डोळ्यावर न्या. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू करा. एका माणसाला एफ २.८, शेजारी बसलेल्या दोघांना एफ ४ हे सुरुवातीला सुरक्षित. या स्वस्त ५० मिमी लेन्समध्ये हात हलण्यावरचा स्टॅबिलायझर बहुधा नसतो, तेव्हा शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका.

दुकानात

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो, लेन्समध्येच मोटर असलेली एएफ-एस घ्या. कॅननच्या आर मालिकेवर (मिररलेस कॅमेरे) डीएसएलआरच्या ईएफ लेन्सला अ‍ॅडाप्टर लागतो, आर मालिकेसाठीच बनलेली आरएफ ५० थेट बसते. मुंबईच्या फोर्टातल्या दुकानांत जाणार असाल तर आपली बॉडी आणि कार्ड सोबत न्या. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं, ठाण्याहून आणि वाशीहूनही थेट लोकल आहे. काउंटरवरच एफ १.८ ला दहा फोटो काढून डोळा मोठा करून बघा. बिलावरचा सीरियल नंबर लेन्सशी जुळवा आणि भारतातली कंपनीची वॉरंटी आहे ना, ते कार्डवर वाचून घ्या.

सेकंड हँड असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी सोडून द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तरीही तेच. आपल्याकडच्या पावसाळ्यात नव्या लेन्सलाही बुरशी धरते, म्हणून ती कापडी बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि आत छोटा आर्द्रता मीटर असू द्या. ४० ते ५० टक्के ठीक. त्याच्या वर काटा चढला की जेल बदला.