किल्ल्याला शोभेल असे विशेषण

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढणाऱ्या मराठी मुलांचे निबंध वाचताना एक वाक्य मला वारंवार भेटते: ‘आमच्या शहरातील किल्ला भव्य, प्राचीन आणि सुंदर आहे.’ या वाक्यात खोटे काहीच नाही, तरीही ग्वाल्हेरच्या जागी दौलताबाद किंवा झाशी लिहिले तर त्याचे काहीच बिघडत नाही, आणि विशेषण निवडताना पहिली कसोटी हीच लावावी. किल्ल्याचे नाव बदलूनही जे विशेषण तसेच्या तसे चालते, त्याने आपले काम केलेले नसते.

म्हणून लिहिण्याआधी किल्ला कोठून पाहिला हे ठरवावे. ग्वाल्हेरचा डोंगर सुमारे १०० मीटर उंच आणि उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्याची लांबी दोन किलोमीटरांहून अधिक असली तरी रुंदी त्या मानाने फारच थोडी आहे. त्यामुळे पूर्वेकडील मुरार उपनगराच्या बाजूने पाहणाऱ्याला तो ‘लांबलचक’, ‘सपाट माथ्याचा’ दिसतो. उरवाई दरवाज्याच्या वाटेने चढणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंच्या ‘ताशीव’ कड्यांमधून जावे लागते आणि त्या कड्यांत कोरलेल्या पंधराव्या शतकातील विशाल जैन मूर्ती त्याच्याकडे वरून पाहत असतात. या माणसाने ‘लांबलचक’ लिहिले, तर तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहितो आहे असे समजावे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती बळकटी सांगणाऱ्या शब्दांची, कारण अशा प्रत्येक शब्दात इतिहासाविषयीचे एक विधान दडलेले असते. ‘अभेद्य’ म्हणजे जो फोडता येत नाही, ‘अजिंक्य’ म्हणजे जो जिंकता येत नाही, ‘अलंघ्य’ म्हणजे जो ओलांडता येत नाही. ग्वाल्हेरचा किल्ला इल्तुत्मिशने १२३२ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर घेतला आणि १७८० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या सैन्याने रात्री शिड्या लावून तो काबीज केला. अशा किल्ल्याला ‘अजिंक्य’ म्हणणे हा केवळ उत्साह ठरतो. (साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याची गोष्ट निराळी आहे, तेथे तो शब्द वर्णन नसून नाव आहे.) येथे मराठी आपल्याला एक नेमकी सोय देते. ‘अ’च्या जागी ‘दुर्’ ठेवला की ‘कधीच नाही’चे ‘महत्प्रयासाने’ होते: दुर्भेद्य, दुर्जय, दुर्लंघ्य. इल्तुत्मिशला वेढा दीर्घकाळ चालवावा लागला, हे ‘दुर्जय’ या एका शब्दात खरेपणाने सामावते आणि किल्ल्याचा मानही कमी होत नाही. ‘दुर्गम’ हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण आज उरवाईच्या वाटेने मोटार थेट वर जाते. तो भूतकाळाच्या वर्णनातच शोभतो. ‘बेलाग’ हा आपल्या गडांच्या बोलीतला शब्द संपूर्ण किल्ल्यापेक्षा एखाद्या विशिष्ट कड्याला लावावा, म्हणजे त्याची धार टिकते.

दगडापाशी थांबलेल्या लेखकाला किल्ल्यातील मानमंदिराकडे, म्हणजे राजा मानसिंह तोमराच्या महालाकडे, पाहिल्यावर दुसरीच शब्दसंपत्ती लागते. त्याच्या बाहेरील भिंतीवर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या चकाकत्या फरशा बसवलेल्या आहेत आणि त्यांत बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडे असे आकार आहेत. हा किल्ला ‘राकट’ आहे असे लिहून मोकळे होणाऱ्याने या भिंतीपुढे काही वेळ उभे राहावे. तेथे ‘निळसर’, ‘झिलईदार’ आणि काही ठिकाणी फरशा गळून पडल्यामुळे ‘विटलेला’ हे शब्द आपणहून सुचतात. याच महालाच्या पोटात मात्र अंधाऱ्या भूमिगत खोल्या आहेत. बाहेर रंग आणि आत काळोख हा विरोध दोन साध्या विशेषणांनी उभा राहतो, त्यासाठी ‘रहस्यमय’ लिहिण्याची गरज नसते.

आता एक गोष्ट खास आपल्या ग्वाल्हेरकरांसाठी. शाळेत हिंदी आणि घरी मराठी असल्यामुळे आपल्या मुलांच्या हातून विशेषणाचे लिंग चुकते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘ऊँचा मंदिर’ या धर्तीवर ‘मोठा मंदिर’ असे मराठीत उतरते. आपल्याकडे ते ‘मोठे मंदिर’ असते, तसेच ‘निळे छत’, ‘रुंद पण पडके दार’. ‘उंच’, ‘भव्य’, ‘दुर्जय’ ही विशेषणे बदलत नाहीत, पण ‘आकारान्त’ विशेषण दिसले की नामाचे लिंग तपासावे.

शेवटी संख्येविषयी. एका नामाला एक विशेषण पुरे, दोन जास्तीत जास्त. तिसरे सुचले तर त्याऐवजी क्रियापद शोधावे. आरंभीचे वाक्य मी एका विद्यार्थिनीबरोबर बसून पुन्हा लिहिले, तेव्हा ते असे झाले: ‘उरवाईच्या ताशीव कड्यांमधून वाट वर वळते आणि दुर्जय म्हणून गाजलेल्या त्या डोंगरमाथ्यावर मानमंदिराची निळी भिंत सकाळच्या उन्हात चमकते.’ तिला ‘प्राचीन’ हा शब्दही ठेवायचा होता. आम्ही तो काढला आणि त्याच्या जागी भिंतीवरची बदकांची रांग घातली.