नवतप्याआधी धुराडे बंद करण्याची तयारी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील काही जुन्या बंगल्यांत भिंतीतली उघडी शेकोटी अजून शाबूत आहे आणि तिच्यावरचे धुराडे छपराच्या वर आकाशाकडे उघडेच आहे. बोलताना आपण त्याला चिमणी म्हणतो. पण पुढे पक्ष्यांचाही विषय निघणार असल्याने येथे धुराडे हाच शब्द ठेवला आहे.

या कामाविषयीचा बहुतेक सल्ला थंड देशांतून आलेला असतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर धुराडे बुजवायला सांगतो. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे खरे. परंतु २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर चढला होता, आणि खरा त्रास त्याच बाजूचा आहे. हिवाळ्यात खोलीतली ऊबदार हवा धुराड्यातून वर निघून जाते व तिच्या जागी दारांच्या फटींतून गारठा आत येतो. उन्हाळ्यात हे चक्र उलटे फिरते: जाड भिंतींच्या आत गार राहिलेली जड हवा खालच्या फटींतून बाहेर पडते आणि तिच्या जागी बाहेरची तापलेली हवा धुराड्यातून खाली उतरते, ती येताना काजळी आणि धूळ घेऊनच येते. खिडक्या लावून एसी चालू असताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू केला, तर हा ओढा आणखी वाढतो. म्हणून ही तयारी होळीनंतर, कूलर बाहेर काढण्याच्या सुमारास सुरू करून नवतप्यापूर्वी, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपूर्वी, पूर्ण झालेली असावी.

आरंभ उदबत्तीने करावा. ती पेटवून शेकोटीच्या तोंडाशी धरावी आणि धूर कोणीकडे वळतो ते तीनदा पाहावे: एकदा सर्व दारे-खिडक्या बंद करून, एकदा एक्झॉस्ट पंखा लावून आणि एकदा कूलर चालवून. कूलर खोलीत हवा ढकलतो, त्यामुळे तेव्हा धूर बहुधा वर जाईल; म्हणजे पैसे व पाणी खर्चून केलेला गारवा छपरावर चालला आहे, आणि त्यातला ओलावा जुन्या काजळीला लागून तिचा कुबट वास सुटणार आहे, एवढे समजावे.

त्यानंतर टॉर्च व छोटा आरसा घेऊन धुराड्यात वर पाहावे आणि कान देऊन ऐकावे. पारव्यांनी आणलेल्या काड्या, सातेरी मधमाश्यांचे मोहोळ, क्वचित गव्हाणी घुबडाचे बिऱ्हाड, यांपैकी काहीही आत असू शकते. घुबडाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे घरट्यात पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. मधमाश्या असतील तर खालून धूर न करता जाणत्या माणसाला बोलवावे. घरट्याच्या वाळक्या काड्या व काजळी भरलेल्या धुराड्याखाली जाळ करणे म्हणजे धुराड्यातच आग लावून घेणे होय.

सफाईसाठी लांब बांबूला बांधलेला ताठ केसांचा ब्रश, दोन घमेली, शेकोटीचे तोंड झाकण्यापुरती ताडपत्री, चष्मा आणि एन-९५ मास्क एवढे साहित्य पुरते. गालिचा आणि पडदे आदल्या दिवशीच हलवावेत. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मात्र या कामाला लावू नये, कारण बारीक काजळी त्याच्या साध्या फिल्टरमधून निसटून सगळ्या खोलीभर बसते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी वरचे तोंड, मग खालचे. आमच्या घरी पहिल्या वर्षी आम्ही वर काहीच न करता खालून तणस भरलेले गोणपाट कोंबले होते. जुलैतल्या एका रात्री ते पाणी पिऊन काळ्या चिखलासह खाली आले. फरशी पुसून निघाली, पण भिंतीच्या गिलाव्यावरचा तपकिरी डाग पुढे दोनदा रंग देऊनही वर येत राहिला. कोळशाच्या काजळीत गंधकाचा अंश असतो आणि ती भिजली की आम्लधर्मी होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हा लोहाराकडून जस्ती पत्र्याची छत्री करून घ्यावी, तिच्या चारही बाजूंना पक्षी शिरणार नाही अशी जाळी असावी, आणि ती गवंड्याकडून जूनच्या मध्याआधी घट्ट बसवून घ्यावी. छपरावर स्वतः चढू नये. मंगलोरी कौले पायाखाली सहज फुटतात.

खालचे बूच शेकोटीच्या तोंडावर न लावता वर, धुराडे जेथे अरुंद होते त्या घशात बसवावे. जुने बांधकाम सहसा काटकोनात नसते, म्हणून मोजपट्टीवर विसंबू नये. पुठ्ठा कापून, बसवून पाहून त्याचा नमुना करावा आणि त्याबरहुकूम फायबर सिमेंटचा पत्रा कापून घ्यावा. कडेच्या फटींसाठी माझी पसंती शुद्ध लोकरीच्या जुन्या घोंगडीच्या पट्ट्यांना आहे. इंग्लंडात हर्डविक मेंढ्यांच्या लोकरीची बुचे याच कामासाठी वापरतात, कारण लोकर दाबली जाते, ओल शोषून पुन्हा सोडते आणि सहजासहजी पेट घेत नाही. थर्मोकोल, फोम व जुन्या उशा यांना येथे थारा देऊ नये. बूच पूर्ण हवाबंदही करू नये. एका कोपऱ्यात बोटभर भोक जाळी लावून ठेवावे, म्हणजे आतली वीट कोरडी राहते आणि खोलीला वाराही जाणवत नाही.

बुचाला लाल कापडाची पट्टी बांधून ती शेकोटीच्या तोंडात दिसेल अशी लोंबती ठेवावी. डिसेंबरात कोणी पाहुणा हौसेने लाकडे रचील, तेव्हा बूच काढलेले नाही हे त्याला काडी ओढण्यापूर्वी कळले पाहिजे. अन्यथा धूर व त्याबरोबरचा कार्बन मोनॉक्साइड खोलीतच कोंडेल. हाच धोका पेटती शेगडी आणून ठेवण्यातही आहे, कारण धुराडे बंद झाल्यावर त्या खोलीला धूर बाहेर टाकणारी वाट उरत नाही.

शेवटी उदबत्तीची तीच चाचणी पुन्हा तीनदा करावी, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर भोकावरची जाळी काढून, बोट घालून घोंगडी ओली लागते का ते पाहावे. ओली लागलीच तर बुचाला हात न लावता आधी छत्री तपासायला गवंड्याला बोलवावे.