दोस्त राष्ट्रांचं का बिनसलं, हे एका तासात शिकवायचं असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या वर्गात शीतयुद्धाचा धडा आला की उत्तर एका ओळीत उरकतं: भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद. ते चूक नाही, पण अपुरं आहे. रशियात बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या साम्यवाद्यांनी, सत्ता घेतली 1917 साली. तरी 1941 मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट स्टालिनच्या मदतीला गेलेच. मग 1945 नंतरच का फाटलं? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. हिटलर गेला, एकत्र राहायचं कारण गेलं, एवढं मुलं स्वतःच सांगतात. त्याला 5 मिनिटं पुरेत.

खरा वेळ पोलंडला द्या, निदान 15 मिनिटं. जमिनीवर खडूने जर्मनी, पोलंड, रशिया असे तीन चौकोन ओळीने काढा आणि एका मुलाला जर्मनीतून रशियात चालायला लावा. पाय पोलंडमध्ये पडतोच. मग दोन आकडे शेजारी लिहा: युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली, अमेरिकेची सुमारे 4 लाख. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, आपल्या शब्दाबाहेर न जाणारं सरकार स्टालिनला का हवं होतं, ते इथे उमगतं. पण फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाच्या दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत त्याने पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका कबूल केल्या होत्या, आणि जानेवारी 1947 ची निवडणूक दडपशाहीत झाली, हेही सांगायलाच हवं. पोलंडची हद्दही पश्चिमेकडे सरकवली गेली. तिथल्या माणसांना कुणी विचारलं नाही. नकाशावरची रेघ घरात काय करते, हे आपल्याकडच्या मुलांना 1 नोव्हेंबर 1956 मुळे ठाऊक असतं: त्या दिवशी राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. हा धागा एका वाक्यात जोडा आणि पुढे चला, नाहीतर तास सीमाप्रश्नावर जातो आणि बर्लिन राहून जातं.

अणुबॉम्बसाठी एकच प्रसंग पुरतो. 24 जुलै 1945, बर्लिनजवळचं पॉट्सडॅम: बैठक उठल्यावर रूझवेल्टनंतर अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ट्रुमन स्टालिनजवळ गेले आणि आमच्याकडे विलक्षण संहारक नवं अस्त्र आहे, एवढंच बोलले. स्टालिनला ते हेरांकडून आधीच कळलं होतं.

युद्धानंतर जर्मनी आणि बर्लिन दोन्ही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चौघांनी वाटून घेतले होते. बर्लिन पूर्व आणि पश्चिम भागांच्या सीमेवर होतं, ही चूक हमखास होते. ते सोव्हिएत क्षेत्राच्या आत सुमारे 160 किलोमीटरवर, म्हणजे बेळगावहून कोल्हापूरपेक्षाही लांब. नकाशात पूर्वेच्या भागात छोटा गोल काढून त्याचे चार तुकडे दाखवा. जून 1948 मध्ये पश्चिमेच्या तिघांनी आपल्या क्षेत्रांत नवं चलन आणलं. 24 जूनला सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे अडवली. 12 मे 1949 पर्यंत कोंडी चालली. पश्चिमेच्या देशांनी तिथे एकूण सुमारे 23 लाख टन माल विमानांनी उतरवला, त्यात सगळ्यात जास्त कोळसा.

उत्तर तपासताना नाटो (अमेरिका आणि पश्चिमेच्या देशांची लष्करी युती) 1949 आणि वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी युती) 1955 हा क्रम आधी पाहा. मधली सहा वर्षं विसरली, तर पश्चिम जर्मनी मे 1955 मध्ये नाटोत गेल्यावर आठवडाभरातच वॉर्सा करार का झाला, हे मुलाला सांगता येत नाही. ते कारण लिहिलं नसेल तर त्याच ओळीखाली लाल रेघ ओढा.