अरविंद जोशींचं झाड कात्रीने कसं जोडावं

पुण्यात १९२९ साली जन्मलेल्या संगणकीय भाषाशास्त्रज्ञ अरविंद जोशींना मानवी आकलनाच्या सैद्धान्तिक कामासाठी २००३ चं रुमेलहार्ट पारितोषिक मिळालं. त्यांचं ‘ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर’ (म्हणजे वाक्यरचनेच्या छोट्या आकृत्या, ‘झाडं’, एकमेकांत जोडून वाक्य घडवणारं व्याकरण) मी भाचीला कागद-कात्रीनेच शिकवते.

आधी ‘खाते’चं झाड काढा. सगळ्यात वर ‘वाक्य’ (भाषाशास्त्रातली झाडं उलटीच वाढतात), खाली दोन फांद्या: कर्ता आणि क्रियाखंड. क्रियाखंडाखाली कर्म आणि ‘खाते’. रिकाम्या जागी ‘सुमन’, ‘आंबा’ चिकटवा. इथवर सोपं.

खरी गंमत पुढे. ‘हळूहळू’चं छोटं झाड करा: वर क्रियाखंड, खाली ‘हळूहळू’ आणि शेजारी पुन्हा एक क्रियाखंड, पण रिकामा. वरचं आणि रिकाम्या टोकाचं नाव एकच हवं, नाहीतर जोड बसणार नाही. आता मोठ्या झाडातला क्रियाखंड खालच्या फांद्यांसकट कापा, तिथे छोटं झाड लावा आणि कापलेला तुकडा त्याच्या रिकाम्या टोकाला चिकटवा. वाचा: सुमन हळूहळू आंबा खाते.

‘रोज’ही असंच घुसवा. वाक्य कितीही ताणलं तरी ‘सुमन’ आणि ‘खाते’ यांचं नातं मूळ झाडातच राहतं. जोशींची चतुराई मला इथेच दिसते.

जमलं की ‘खाल्ला’चं झाड घ्या, तिथे क्रियापद आंब्याचं ऐकतं, सुमनचं नाही.